आत्मचित्र आणि आत्मचरित्र : जलरंगांतील ‘मी’ आणि ‘ती’

‘आत्मचित्र’ आणि ‘आत्मचरित्र’ या दोन शब्दांत अंतर आहे ते अवघ्या एका ‘र’चे. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकांनी दुसऱ्या शब्दाभोवती ग्रंथांची रास रचली आणि पहिला शब्द चित्रकलेच्या इतिहासकारांच्या हवाली करून ते मोकळे झाले. ही वाटणी सोयीची आहे, परंतु ती सर्वत्र टिकत नाही. स्वतःचे चित्र काढता काढता ज्यांनी त्याच कागदावर शब्दही लिहिले, अशा चित्रकारांपाशी येऊन ती कोलमडते. असे चित्रकार वारंवार जलरंगांत काम करताना भेटतात, आणि तो निव्वळ योगायोग नव्हे असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात आम्ही तीन चित्रकारांचा विचार करणार आहोत. त्यांपैकी आल्ब्रेख्ट ड्यूरर आणि एगोन शीले यांचा परामर्श थोडक्यात घेऊ. उरलेला सारा विचार शार्लोटे झालोमोन या बर्लिनच्या चित्रकर्तीचा, कारण आपले अंतरंग रंगवताना तिने ‘मी’ हे सर्वनामच बाजूला ठेवले, आणि या निवडीत आत्मचरित्राच्या वाचकाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रारंभी माध्यमाविषयी दोन शब्द. तैलरंगाला कॅनव्हास किंवा लाकडी फळी लागते, वाळायला दिवसच्या दिवस लागतात, आणि काढलेले चित्र भिंतीवर टांगायचे, म्हणजे चारचौघांनी पाहायचे, हे त्यात बहुधा गृहीत असते. जलरंगाला लागतो कागद, वाटीभर पाणी आणि डिंकात घोटलेली रंगद्रव्ये. रंगद्रव्याचे प्रमाण वाढवले किंवा त्यात पांढरा मिसळला की तोच रंग अपारदर्शक होतो. त्याला चित्रकार ग्वाश म्हणतात. दोन्ही रूपांत तो झटपट वाळतो, पिशवीत मावतो, आणि कागदाची घडी करून किंवा चवड रचून तो जपता अथवा लपवता येतो. कागद ही तर लेखनाचीच जागा. पत्र, रोजनिशी, हिशेबाची वही आणि जलरंगाचे चित्र ही सारी एकाच घरातली भावंडे होत. म्हणूनच जलरंगात स्वतःला पाहणाऱ्या माणसाच्या हातून त्या चित्राशेजारी एखादी ओळ सहज लिहिली जाते.

ड्यूररचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचे इ. स. १५०० मधील तैलरंगातील आत्मचित्र आज म्यूनिक येथे आहे. समोरासमोर रोखलेली नजर, खांद्यांवर रुळणारे केस, छातीपाशी आलेला हात अशी ती मांडणी ख्रिस्ताच्या प्रतिमांची आठवण करून देणारी आहे, हे अनेकांनी दाखवून दिले आहे. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी याच माणसाने एका लहानशा कागदावर लेखणीने आपले कमरेपर्यंतचे उघडे शरीर रेखाटले आणि त्यावर जलरंगाचा हलका हात फिरवला. बरगडीखाली एक पिवळा डाग आहे आणि चित्रातला ड्यूरर त्याकडे बोट दाखवतो आहे. वर त्याच्याच अक्षरांत, बोट जेथे आहे तेथे दुखते, अशा अर्थाचा मजकूर आहे. ब्रेमेनच्या कलासंग्रहालयातील हे चित्र बहुधा दूरच्या वैद्याला दाखवण्यासाठी काढले असावे. म्यूनिकच्या चित्रातील मनुष्य जगाला आपला चेहरा दाखवतो. ब्रेमेनच्या कागदावरचा मनुष्य आपले दुखणे दाखवतो. येथे ‘अंतरंग’ हा शब्द अक्षरशः घ्यावा लागतो. आतले दुखणे बाहेर आणायचे तर त्याला रंग द्यावा लागतो, आणि रंग पुरेसा बोलका नसेल तर शेजारी वाक्य लिहावे लागते. पुढे जून १५२५ मध्ये एका रात्री पडलेले भयंकर जलप्रलयाचे स्वप्न ड्यूररने सकाळी उठून जलरंगात उतरवले आणि त्याखाली आपण थरथरत जागे झालो हा वृत्तांत लिहिला. त्या चित्रात तो स्वतः कोठेच दिसत नाही, आहे ते फक्त कोसळणारे पाणी. तरीही व्हिएन्नात जतन केलेला तो कागद आत्मचित्र नाही असे म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

ड्यूररनंतर चारशे वर्षांनी, एप्रिल १९१२ मध्ये, एकवीस वर्षांच्या एगोन शीलेला ऑस्ट्रियातील नॉयलेंगबाख या गावी अटक झाली. अल्पवयीन मुलीला पळवून नेल्याचा व तिच्याशी गैरवर्तन केल्याचा आरोप टिकला नाही. मात्र मुलांच्या दृष्टीस पडतील अशा ठिकाणी कामुक चित्रे ठेवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. एकूण २४ दिवस तो कोठडीत होता. त्या काळात त्याने कागदावर पेन्सिल व जलरंगांत काढलेली तेरा चित्रे उपलब्ध आहेत. आरंभीच्या चित्रांत कोठडी आहे, दार आहे, पलंग आहे, आणि त्या करड्या पलंगावर वाली नॉयझिलने आणून दिलेले एक संत्रे आहे. ते संत्रे हाच आपला एकमेव उजेड होता, अशा आशयाची ओळ त्याने चित्रावरच लिहिली. शेवटच्या काही चित्रांत तो स्वतः अवतरतो तो अंगभर लपेटलेल्या कोटात, खुरटलेली दाढी आणि आखडलेले अवयव घेऊन. त्यांवरही तारखा आहेत आणि ओळी आहेत. कलावंताला अडवणे हा गुन्हा आहे, कलेसाठी आपण शेवटपर्यंत सोसू, अशा अर्थाच्या त्या घोषणा आहेत.

चित्रे म्हणून ही पाने थोर आहेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु ती वाचताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. येथे ‘मी’ हा वकील होऊन उभा आहे. तो स्वतःची बाजू मांडतो, सहानुभूती मागतो आणि खटल्यातील मुलांना आपल्या कागदावर जागाच देत नाही. हुतात्म्याचे चित्र पाहणाऱ्याने हुतात्म्याची साक्ष आपोआप मान्य केली असे होऊ नये. या प्रकरणाला पुढे आणखी एक वळण मिळाले. १९२२ साली शीलेचा स्नेही आणि समीक्षक आर्थर रोसलर याने त्याची तुरुंगातील रोजनिशी म्हणून एक पुस्तक प्रसिद्ध केले. तो मजकूर शीलेचा नसून बव्हंशी रोसलरनेच रचला असावा असे आज अभ्यासक मानतात. जलरंगांतील ‘मी’ इतका प्रभावी होता की त्याच्यासाठी दुसऱ्याने शब्द पुरवले आणि वाचकांनी ते दीर्घकाळ त्याचेच मानले.

तेव्हा प्रश्न असा उरतो : आपले अंतरंग कागदावर आणायचे आहे, परंतु स्वतःची वकिली करायची नाही, तर काय करावे? शार्लोटे झालोमोनच्या कृतीत या प्रश्नाचे एक उत्तर आहे. ते उत्तर तिला फार महाग पडले होते, म्हणून तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

शार्लोटेचा जन्म १६ एप्रिल १९१७ रोजी बर्लिनमधील एका सुस्थित ज्यू कुटुंबात झाला. वडील आल्बर्ट झालोमोन हे शल्यविशारद. तिच्या जन्माआधी चार वर्षे, १९१३ साली, तिच्या मावशीने पाण्यात उडी घेऊन जीव दिला होता. तिचेच नाव भाचीला ठेवण्यात आले. १९२६ मध्ये आई फ्रांझिस्का खिडकीतून उडी टाकून गेली. आठ वर्षांच्या मुलीला सांगण्यात आले की आई इन्फ्ल्युएन्झाने वारली. हे असत्य पुढे चौदा वर्षे घरातील सर्वांनी सांभाळले. १९३० साली वडिलांनी पाउला लिंडबर्ग या नामवंत गायिकेशी विवाह केला आणि घरात संगीत आले. १९३३ नंतर नाझी राजवटीने पाउलाचे गाणे ज्यू कलावंतांच्या वेगळ्या मंडळापुरते बंदिस्त केले, वडिलांचे विद्यापीठातील काम गेले. ज्यू विद्यार्थ्यांना कलाशिक्षणाची दारे जवळजवळ बंद झालेली असतानाही शार्लोटेला बर्लिनच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळाला. मात्र तेथील एका स्पर्धेत तिच्या चित्राची निवड होऊनही ती ज्यू असल्याने बक्षीस दुसरीला दिले गेले आणि तिने शाळा सोडली. नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारानंतर वडिलांना झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत टाकण्यात आले. ते सुटून आल्यावर, जानेवारी १९३९ मध्ये, मुलीला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर विलफ्रांश येथे आजी-आजोबांकडे धाडण्यात आले. ओटिली मूर नावाच्या अमेरिकन महिलेने त्या वृद्धांना आसरा दिला होता.

मार्च १९४० मध्ये आजीनेही खिडकीतून उडी घेतली. त्याआधी तिने एकदा प्रयत्न केला होता आणि नात तिच्या उशाशी बसून तिला जगण्याकडे वळवण्याची शिकस्त करीत होती. याच दिवसांत आजोबांच्या तोंडून शार्लोटेला प्रथमच कळले की आईचे दुखणे इन्फ्ल्युएन्झाचे नव्हते, आणि मावशी, आई व आजी यांच्याखेरीज कुटुंबातील आणखीही कित्येकांनी हाच मार्ग पत्करला होता. त्याच उन्हाळ्यात फ्रेंच सरकारने जर्मन नागरिक म्हणून तिला आजोबांसह गुर्सच्या छावणीत डांबले. आजोबांच्या वार्धक्यामुळे दोघे सुटले. परतल्यावर तेथील डॉक्टर मोरिदिस यांनी तिला चित्रे काढण्याचा सल्ला दिला. आपणही जीव द्यावा किंवा काहीतरी अगदी वेडगळ वाटावे असे विलक्षण करावे, असे दोनच मार्ग आपल्यापुढे होते, अशा आशयाचे तिने नंतर लिहून ठेवले आहे. तिने दुसरा मार्ग घेतला.

१९४० ते १९४२ या काळात तिने साधारण ३२ बाय २५ सेंटिमीटरच्या कागदांवर ग्वाशमध्ये तेराशेहून अधिक चित्रे काढली. यांतील बराच काळ ती सँ-ज्यां-काप-फेरा येथील एका छोट्या हॉटेलात खोली घेऊन राहिली होती. ती रंगवताना सतत गुणगुणत असे, अशी आठवण हॉटेलच्या मालकिणीने पुढे सांगितली. काढलेल्या चित्रांपैकी ७६९ निवडून, त्यांना क्रमांक देऊन, प्रास्ताविक, मुख्य भाग आणि उपसंहार अशी त्यांची रचना तिने केली आणि शीर्षक दिले : ‘जीवन? की नाटक?’ दोन्ही शब्दांपुढे प्रश्नचिन्ह आहे. लाल, निळा आणि पिवळा हे तीन रंग व पांढरा, एवढ्याच सामग्रीवर हा सारा संसार उभा आहे. प्रास्ताविकातील चित्रांवर ट्रेसिंग पेपरचे आच्छादन असून त्यावर संवाद आणि निवेदन लिहिलेले आहे. वाचकाला प्रथम शब्दांतून चित्र पाहावे लागते आणि मग पान उचलून नुसते चित्र. जसजशी कथा पुढे सरकते तसतसे शब्द त्या पारदर्शक कागदावरून खाली उतरतात आणि थेट चित्रात मिसळतात. शेवटाकडे तर काही पानांवर आकृत्या मागे हटतात आणि रंगाने लिहिलेली अक्षरेच पान व्यापतात. ड्यूररने चित्राशेजारी जे एक वाक्य लिहिले होते, त्याचे येथे संपूर्ण नाटक झाले आहे.

होय, नाटकच. जर्मन परंपरेत ‘झिंगश्पील’ म्हणून संवाद आणि गाणी मिळून होणारा नाट्यप्रकार आहे. मोझार्टचा ‘जादूचा पावा’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. शार्लोटेने आपल्या कृतीला त्याच जातीचे नाव दिले आणि कोणत्या प्रसंगी कोणती धून मनात धरावी हेही लिहून ठेवले. त्यात बाख आहे, ग्लुकच्या ‘ऑर्फियस’मधील गाणे आहे, बिझेच्या ‘कार्मेन’ची धून आहे. मराठी वाचकाला यात काही नवलाचे वाटणार नाही. आपल्या संगीत नाटकांच्या छापील संहितांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ दिलेली असते आणि जाणता वाचक ती वाचताच मनातल्या मनात पद म्हणू लागतो. शार्लोटेची पाने तशीच वाचायची आहेत. समुद्राकाठी कोणी एक रंगवीत बसले आहे, अकस्मात एक धून आठवते आणि ती कागदावरच्या चित्राशी तंतोतंत जुळते, अशी या कृतीची उपपत्ती तिनेच प्रारंभी सांगितली आहे.

नाटक म्हटले की पात्रे आली. सावत्र आई पाउला येथे ‘पाउलिंका बिम्बाम’ होते. पाउलाला आवाजाचे शिक्षण देणारा आल्फ्रेड वोल्फसोन ‘आमाडेउस डाबरलोन’ म्हणून वावरतो. आणि चित्रकर्ती स्वतः ‘शार्लोटे कान’ या नावाची एक मुलगी होते, जिच्याविषयी निवेदक ‘ती’ म्हणून बोलतो. आमच्या विवेचनाचा हा कळीचा मुद्दा आहे. ‘मी’ऐवजी ‘ती’ म्हटल्याने पहिली गोष्ट घडते ती ही, की मुलगी इतर पात्रांच्या रांगेत येऊन उभी राहते. तिच्या जन्माआधीची मावशीची ती रात्रीची वाट, आईवडिलांचा विवाह, आजीचे तारुण्य हे सारे ती रंगवू शकते, कारण निवेदकाला त्या मुलीच्या स्मरणशक्तीची मर्यादा उरलेली नाही. नाटकाचा पडदा उघडतो तोच १९१३ च्या त्या रात्रीवर, काळपट निळ्या रंगात. म्हणजे आत्मचित्राचे पहिले पान ज्या दिवसाचे आहे त्या दिवशी आत्मचित्राची नायिका जन्मलेलीच नाही. आपल्या आत जे आहे ते आपल्याआधी सुरू झाले होते, ही जाणीव आरशात पाहून काढलेल्या चित्राला साधणे कठीण.

दुसरी गोष्ट अशी, की ‘ती’ला हसता येते. डाबरलोन हा पहिल्या महायुद्धातील खंदकांचा आघात सोसलेला, आवाजाच्या द्वारे आत्म्यापर्यंत पोचण्याचा सिद्धांत मांडणारा मनुष्य. बाहेर पडायचे असेल तर आधी स्वतःत, आपल्या बालपणात उतरले पाहिजे, हा त्याचा उपदेश शार्लोटेने शिरोधार्य मानला. ही संपूर्ण कृती त्याच उपदेशाचे पालन आहे असेही म्हणता येईल. मात्र उपदेशकाला रंगवताना तिची लेखणी आणि तिचा कुंचला दोन्ही खट्याळ होतात. काही पानांवर डाबरलोनचे एकच डोके ओळींमागून ओळींत पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक डोके बोलतच राहते. प्रेम आहे, आदर आहे, आणि त्याच कागदावर थट्टाही आहे. त्याच्यावर भाळलेली ‘ती’ही या थट्टेतून सुटत नाही. शीलेच्या कोठडीतील ‘मी’ला अशी थट्टा परवडली नसती.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आई जिवंत असताना छोट्या मुलीला सांगत असे की स्वर्गात सारे फार सुंदर असते, आणि आपण देवदूत होऊन तेथे गेलो की तेथील हकीकत कळवणारे पत्र खिडकीच्या कट्ट्यावर आणून ठेवू. आई गेल्यानंतर मुलगी खिडकीपाशी जाऊन पत्राची वाट पाहते. पत्र येत नाही. हा प्रसंग शार्लोटेने विशेष गाजावाजा न करता, बालपणातील इतर प्रसंगांच्या ओघातच चितारला आहे. परंतु ज्या वाचकाला ती खिडकी कोणती हे ठाऊक आहे त्याला पान उलटणे अवघड जाते. येथे लिहिणारी तेवीस-चोवीस वर्षांची तरुणी सर्व काही जाणते आणि वाट पाहणारी आठ वर्षांची मुलगी काहीच जाणत नाही. ‘मी’ म्हटले असते तर या दोघी एकमेकींत मिसळल्या असत्या, आणि जाणतीच्या दुःखाने अजाणतीचा विश्वास झाकोळून टाकला असता. ‘ती’ म्हटल्यामुळे मुलीचा विश्वास मुलीपाशीच राहिला.

स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी करण्याची रीत मराठी वाचकाला परकी नाही. अभंगाच्या अखेरीस येणारी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा आपण इतक्या सवयीने म्हणतो की तिच्यातील व्याकरण लक्षातही येत नाही. जो बोलला तो स्वतःला बाहेरून पाहून, नावाने हाक मारून मगच शेवटचा शब्द उच्चारतो. नाममुद्रेमागील भक्तीची भूमिका आणि शार्लोटेचे ऐहिक नाटक यांची जात वेगळी आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. साम्य आहे ते एवढेच, की दोन्हीकडे स्वतःपासून एक पाऊल दूर जाण्याने बोलण्याला बळ येते.

शार्लोटेने आरशासमोर बसून आत्मचित्र काढलेच नाही असे नव्हे. १९४० च्या सुमाराचे तिचे एक स्वतंत्र ग्वाश उपलब्ध आहे; त्यात सावध, किंचित तिरपी नजर पाहणाऱ्यावर खिळलेली आहे. परंतु ‘जीवन? की नाटक?’चे शेवटचे चित्र निराळे आहे. समुद्राकडे तोंड करून, पोहण्याच्या पोशाखात, एक तरुणी कुंचला घेऊन बसली आहे. तिचा चेहरा आपल्याला दिसत नाही, दिसते ती पाठ, आणि त्या उघड्या पाठीवर कृतीचे शीर्षक लिहिलेले आहे. शेकडो पाने जिच्या अंतरंगात आपण फिरलो तिची अखेरची भेट पाठमोरी व्हावी, आणि तिच्या शरीरालाच कागद करून त्यावर अक्षरे उमटावीत, याहून चित्र आणि लेखन यांची एकरूपता ती काय असणार? शिवाय कथा येथे वर्तुळ पूर्ण करते : ही तरुणी आता जे रंगवायला घेईल ते पहिले पान असेल.

काम संपल्यावर तिने चित्रांची बांधणी करून ती डॉक्टर मोरिदिस यांच्या स्वाधीन केली आणि हे आपले सारे आयुष्य आहे, ते जपा, अशा अर्थाचे ती बोलल्याचे सांगतात. जून १९४३ मध्ये तिने आलेक्झांडर नागलर या निर्वासिताशी विवाह केला. तोवर हा किनारा इटलीच्या ताब्यात होता आणि ज्यूंना तेथे काहीसे अभय होते. सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करताच जर्मन सैन्य नीस परिसरात शिरले. त्याच महिन्यात दोघांना पकडण्यात आले. ७ ऑक्टोबर १९४३ रोजी द्रांसीहून निघालेली गाडी तीन दिवसांनी आउशवित्झला पोचली. शार्लोटे तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि गर्भवती होती. तेथे पोचताच तिला ठार करण्यात आले असे मानतात. वडील आणि पाउला नेदरलँड्समध्ये लपून वाचले. १९४७ साली ओटिली मूरकडून ही चित्रे त्यांच्या हाती आली आणि १९७१ मध्ये त्यांनी ती ॲम्स्टरडॅमच्या ज्यू इतिहास संग्रहालयाला दिली.

येथून या कृतीच्या वाचनाचा इतिहास सुरू होतो, आणि वाङ्मयाच्या शिक्षकांनी लक्ष घालावे असा भाग हाच आहे. १९६३ साली निवडक ८० चित्रांचे पुस्तक निघाले; त्याच्या शीर्षकात ‘चित्रांतील रोजनिशी’ असा शब्दप्रयोग होता. ॲन फ्रँकची रोजनिशी तोवर जगभर वाचली गेली होती आणि प्रकाशकाला तो साचा हाताशी सापडला. परंतु रोजनिशी त्या त्या दिवशी लिहिली जाते आणि उद्या काय होईल हे तिला ठाऊक नसते. शार्लोटेची कृती नेमकी उलट आहे. ती वर्षानुवर्षांच्या घटनांकडे मागे वळून पाहते, निवड करते, क्रमांक देते, पात्रांना टोपणनावे देते. ‘रोजनिशी’ म्हटल्याने रचनाकार नाहीशी झाली आणि उरली ती केवळ बळी. सर्व क्रमांकित पाने ग्रंथरूपाने येण्यास १९८१ साल उजाडले. तेव्हा कोठे शीर्षकातील ‘नाटक’ हा शब्द गांभीर्याने घेतला जाऊ लागला. पुढे मेरी फेल्स्टिनर (१९९४) आणि ग्रिझेल्डा पोलॉक (२०१८) यांच्या ग्रंथांनी ही चर्चा पुष्कळ पुढे नेली.

खरी कसोटी मात्र नंतर आली. डाबरलोनला उद्देशून रंगाने लिहिलेले एक दीर्घ पत्र या संचात होते आणि त्यातील काही पाने कुटुंबाने दडवून ठेवली होती. २०१२ मध्ये दिग्दर्शक फ्रान्स वाइझ याच्या माहितीपटातून त्यांतील मजकूर उघड झाला आणि २०१५ मध्ये तो छापला गेला. त्यात लिहिणारी सांगते की तिने आजोबांना अन्नातून विष दिले आहे आणि ही ओळ लिहीत असताना ते मरत असतील. आजोबा फेब्रुवारी १९४३ मध्ये वारले हे खरे आहे. नातीच्या दुःखाला कंटाळून, आता तूही एकदाचा जीव दे म्हणजे ही कटकट संपेल, असे बोलणारा वृद्ध उपसंहारात आपल्याला भेटलेला असतो. तेव्हा ही कबुली आहे की नाटकाचा शेवटचा प्रवेश? काही अभ्यासक तिला शब्दशः घेतात, काही तिला काल्पनिक सूड मानतात.

एम.ए.च्या वर्गात आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ‘हे खरे आहे का?’ असाच असतो, आणि आम्हीही पुष्कळदा त्या प्रश्नाच्या मागे जातो. तो प्रश्न अनाठायी नाही. एका माणसाच्या मृत्यूचा विषय असेल तर तो विचारलाच पाहिजे, आणि कलाकृती थोर आहे म्हणून त्याला बगल देणे हा शीलेच्या बाबतीत झाला तसाच प्रमाद ठरेल. परंतु उत्तर देताना आपण कोणता पुरावा वापरतो आहोत याचे भान हवे. या पत्रात ‘मी’ परत आलेला आहे. सातशे एकोणसत्तर पाने जो शब्द तिने राखून ठेवला होता तो येथे ती उच्चारते. म्हणून हे पत्र अधिक खरे, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस उलट वाटते. प्रथमपुरुषी शब्द हा सत्याचा दाखला नव्हे. तोही एक वेष आहे, आणि शार्लोटेइतके हे कोणी जाणले नसेल. शीर्षकातील दोन्ही शब्दांपुढे तिने प्रश्नचिन्ह दिले ते याचसाठी. दुसरे प्रश्नचिन्ह खोडून सारे ‘जीवन’ ठरवणारा वाचक आणि पहिले खोडून सारे ‘नाटक’ ठरवणारा वाचक, दोघेही तिची वाक्यरचना मोडतात.

कुटुंबाने पाने दडवली यात आम्हांस कोणाला दोषी धरायचे नाही. ज्यांनी मुलगी गमावली त्यांनी तिच्या नावाची काळजी घेतली, हे समजण्यासारखे आहे. तथापि त्यात एक विलक्षण पुनरावृत्ती आहे, ती नजरेआड करता येत नाही. आठ वर्षांच्या मुलीपासून आईच्या मृत्यूचे सत्य मायेपोटीच लपवले गेले होते. ती लपवालपवी उलगडून दाखवण्यासाठी जी कृती जन्मली, तिच्यातलीच काही पाने पुन्हा मायेपोटी बाजूला काढली गेली. आज ती बाहेर आली आहेत आणि क्रमांकित पाने तर महाजालावर कोणालाही पाहता येतात. आमच्या वर्गांतून ती दाखवली जावीत, आणि आत्मचरित्राच्या तासालाच दाखवली जावीत, असे आम्हांस वाटते. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले जाणारे जे पत्र मुलीला कधी मिळाले नाही, त्याच्या जागी तिने शेकडो कागद लिहून आणि रंगवून ठेवले. ते वाचताना तिच्या दोन प्रश्नचिन्हांची बूज राखणे, एवढे तरी वाचक म्हणून आपल्या हाती आहे.